मागल्या फाटकाशी उभी मोटार

आपल्या विवाहविधीत एक शब्द असा आहे की, तो प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी मोठ्याने उच्चारला जातो आणि तरीही त्याचा अर्थ कोणी मनावर घेत नाही. तो शब्द म्हणजे 'सावधान'. भटजी तो म्हणतात, अक्षता पडतात, वाजंत्री वाजू लागतात आणि पाहुणे मंडळींचे लक्ष पंक्तीकडे वळते. या शब्दाने खरोखर सावध झालेला एकच नवरदेव महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो म्हणजे जांब गावचा नारायण. बोहल्यावरून पळालेला हा मुलगा पुढे समर्थ रामदास झाला, ही परंपरेने चालत आलेली कथा आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. परंतु अंतरपाटाच्या पलीकडे हार घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे सहसा कोणी विचारीत नाही. आणि तोच शब्द ऐकून एखादी नवरी सावध झाली असती, तर तिची कथा आपण इतक्याच कौतुकाने सांगितली असती काय, हा प्रश्न तर त्याहूनही अवघड आहे.

हा प्रश्न ज्याने हसत हसत सोडविला, अशा एका जुन्या अमेरिकन बोलपटाची ओळख या महिन्यात वाचकांस करून द्यावी असे आम्हांस वाटते. 'इट हॅपन्ड वन नाइट' हे त्याचे नाव. कोलंबिया कंपनीने तो 1934 साली काढला. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, पटकथा रॉबर्ट रिस्किन यांची, आणि मूळ कथा सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांची. नायिकेचे काम क्लॉडेट कोल्बेर हिने केले आणि नायकाचे क्लार्क गेबल याने. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही हॉलिवुडच्या अकॅडमीची पाचही प्रमुख पारितोषिके या एकट्या चित्राने पटकावली. असा मान मिळालेला तो पहिलाच चित्रपट होय. नव्वद वर्षे उलटून गेली, तरी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एका खोलीत बसून निःसंकोचपणे पाहावा, असा तो आहे.

कथानक थोडक्यात असे: एली ही एका कोट्यधीशाची लाडावलेली मुलगी. वेस्टली नावाच्या एका छानछोकी वैमानिकाशी तिने परस्पर लग्न उरकले आहे, आणि तो गृहस्थ पैशाचा लोभी आहे अशी बापाची खात्री असल्यामुळे त्याने तिला आपल्या नौकेवर कोंडून ठेवले आहे. मुलगी अन्न वर्ज्य करते. बापलेकींचे कडाक्याचे भांडण होते. अखेर ती नौकेवरून थेट समुद्रात उडी घेते, पोहत किनारा गाठते आणि न्यू यॉर्ककडे जाणारी रात्रीची बस धरते. त्या बसमध्ये तिची गाठ पडते ती पीटर वॉर्न या नुकतीच नोकरी गेलेल्या बातमीदाराशी. पैसे संपतात, बस चुकते, पाऊस पूल वाहून नेतो. उपाशीपोटी दोघांचे खटके उडतात, आणि त्या खटक्यांतूनच दोघांना एकमेकांची पारख होते. रात्री एका खोलीत राहणे भाग पडते, तेव्हा मधोमध दोरीवर घोंगडी टाकून वॉर्न जी मर्यादा उभी करतो, ती साऱ्या प्रवासात कायम राहते. प्रेक्षक हसतात, परंतु वॉर्न हा भरवशाचा माणूस आहे हे त्या घोंगडीनेच त्यांना पटवून दिलेले असते.

पुढे गैरसमज होतो, दोघांची ताटातूट होते, आणि थकलेला बाप वेस्टलीला जावई म्हणून पत्करतो. थाटामाटाने पुन्हा लग्न लावावयाचे ठरते. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या जातात, शेकडो पाहुणे जमतात, नवरदेव तर चक्क पंखे फिरविणाऱ्या विमानातून अंगणात उतरतो! त्याच दिवशी वॉर्न बापाच्या भेटीस येतो. मुलीचा पत्ता देणाऱ्यास बापाने दहा हजार डॉलरचे बक्षीस लावलेले असते. परंतु वॉर्न मागतो ते केवळ प्रवासात पदरचे खर्च झालेले 39 डॉलर 60 सेंट, आणि त्याचा कलमवार हिशेबही पुढे करतो. जन्मभर व्यापार केलेला बाप त्या हिशेबावरून माणूस ओळखतो.

यानंतरचा प्रसंग हा या चित्राचा प्राण होय. वधूवेषातील मुलीचा हात धरून बाप तिला वेदीकडे नेत आहे. वाद्ये वाजत आहेत, सर्वांच्या नजरा दोघांवर खिळल्या आहेत. आणि हा बाप ओठ फारसे न हालविता मुलीच्या कानाशी सांगतो की, वॉर्न बक्षिसासाठी आला नव्हता, त्याचे तुझ्यावर प्रेम आहे, आणि तुझा विचार बदललाच तर तुझी मोटार मागल्या फाटकाशी उभी आहे. धर्मगुरू संमतीचा प्रश्न विचारतात. मुलगी मान हालविते, पदर सावरते आणि हिरवळीवरून धूम ठोकते. पांढरी शुभ्र ओढणी वाऱ्यावर मागे लांबच लांब उडत राहते. एक लाख डॉलर घेऊन वेस्टली आपला हक्क सोडतो, आणि बापाच्या चेहऱ्यावर समाधान पसरते.

पळणारी नवरी आपल्याकडे पुष्कळ चित्रपटांनी उचलली. हीच कथा घेऊन हिंदीत 1956 साली 'चोरी चोरी' आणि 1991 साली 'दिल है कि मानता नहीं' हे चित्रपट निघाले. परंतु आमच्या मते कौतुक पळणाऱ्या मुलीचे नाही, ते बापाचे आहे. ज्या बापाने आरंभी मुलीला कोंडले, तोच शेवटी तिच्यासाठी फाटक उघडतो. आरंभी त्याने तिला आज्ञा केली तेव्हा ती समुद्रात उडी घेती झाली. शेवटी तो आज्ञा करीत नाही, केवळ एक वाट असल्याची माहिती देतो, आणि तेव्हा ती प्रथमच त्याचे ऐकते. घरात वाढत्या वयाची मुले असणाऱ्या प्रत्येकाने हा फरक ध्यानात घ्यावा.

या जातीची आणखी दोन चित्रे उल्लेख करण्याजोगी आहेत. 1940 च्या 'दि फिलाडेल्फिया स्टोरी'त श्रीमंत घरची ट्रेसी दुसऱ्यांदा बोहल्यावर चढावयास निघालेली असते. कॅथरिन हेपबर्न हिने ही भूमिका आधी नाटकात आणि मग चित्रपटात केली. लग्नाच्या सकाळी ते लग्न मोडते. पाहुणे बाहेर येऊन बसलेले आहेत, वाद्ये सुरू झाली आहेत, आणि त्यांना काय सांगावे हा प्रश्न! तिचा पहिला नवरा दाराआडून एकेक वाक्य सांगतो, ती ते पाहुण्यांपुढे म्हणते, आणि त्या वाक्यांच्या ओघातच दोघांचे पुन्हा लग्न ठरते. मंडप फुकट जात नाही. 1950 च्या 'फादर ऑफ द ब्राइड'मध्ये तर सारी कथाच वधूपित्याच्या तोंडून सांगितलेली आहे. समारंभ उरकल्यावर विस्कटलेल्या घरात खुर्चीत अंग टाकून स्पेन्सर ट्रेसी आपल्याशी बोलू लागतो. पाहुण्यांची यादी, फराळाचा ठेका, जुन्या कोटात न मावणारे पोट, खर्चाचे वाढते आकडे! या साऱ्याने हैराण झालेला हा बाप एकदा मुलीला रोख रक्कम देऊन परस्पर लग्न उरकण्याची सूचनाही करून पाहतो. हे पाहताना आमच्याकडील कोणत्या वधूपित्याला आपलाच आरसा दिसणार नाही?

तथापि एक भेद आहे, आणि तो मूळचाच आहे. अमेरिकन विनोदी चित्रात प्रेक्षकाची उत्कंठा अशी की, नवरी कोणाला पसंत करील? आमच्या विनोदाची उत्कंठा अशी की, वरपक्ष पसंत करील काय? 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण कोणाची आहे? ती यजमानाची आहे, नवरीची नव्हे. तिचाच उत्तरार्ध घेऊन 1940 साली मास्टर विनायक यांनी चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणले. दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग या जोडीने महाराष्ट्राला पोट धरून हसविले. ते हसू कशाचे होते? मुलीच्या बाजूच्या माणसांची जी त्रेधा उडते तिचे. आमच्या लग्नात रुसण्याचाही अधिकार वाटून दिलेला होता. व्याही रुसत, विहीणबाई रुसत, जावईबापू तर हक्काने रुसत, आणि त्यांची समजूत काढण्यासाठी पानसुपारीची तबके हिंडत. सगळ्या मांडवात रुसावयाचे नव्हते ते एका नवरीने.

आमच्या रंगभूमीनेही तिला हा अधिकार सहजासहजी दिला नाही. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊ करतो. महाराष्ट्र त्या मुलीसाठी रडला. परंतु वाचकांनी आठवून पाहावे, ते लग्न मोडते कशाने? शारदेने नकार दिला म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र आहेत हे उघडकीस आले म्हणून! मुलीचे अश्रू जे करू शकले नाहीत ते गोत्राने केले. देवलांना समाज कोणते कारण ऐकून घेईल हे नेमके ठाऊक होते. ते त्यांचे वैगुण्य मानू नये, तो त्या काळाचा अचूक पुरावा होय.

प्रत्यक्ष जीवनात मात्र 'नाही' म्हणणारी मुलगी त्याच्याही आधी होऊन गेली होती. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी नांदावयास जाण्याचे नाकारले, आणि 1884 साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. तो फिरून 1887 साली नांदावयास जा अन्यथा कैद भोगा, असा हुकूम झाला, आणि आपण कैद पत्करू असे त्यांनी सांगितले. 1888 साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या साऱ्यात एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या ज्यांच्या घरी वाढल्या, ते त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांच्या पाठीशी उभे होते. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले, परंतु मागले फाटक त्यांनी उघडे ठेवले होते. चित्रपटातील बापाच्या पन्नास वर्षे आधी मुंबईत असा एक बाप होऊन गेला, आणि तोही सख्खा नव्हे!

आता कोणी म्हणेल की, हे सारे जुने झाले. आज मुली शिकतात, मिळवितात, स्वतः वर निवडतात. कायद्यानेही वाट करून दिली आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, ज्या विधीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे अंतरपाट दूर झाला, हार पडले, वाजंत्री वाजली, तरी सहाव्या पावलापर्यंत फाटक उघडेच आहे. हे अगदी खरे. परंतु कायद्याने उघडे ठेवलेले फाटक आपण दुसऱ्याच एका कुलपाने बंद करीत आहोत, आणि त्या कुलपाचे नाव आहे थाट.

उदाहरणादाखल काशीदचेच पाहा. अलिबागहून रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडच्या वाटेला लागले की साळाव, कोर्लई, बोर्ली ही गावे मागे पडतात आणि काशीदची पांढरी मऊ वाळू नजरेस पडते. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर, किनाऱ्याला सुरूची झाडे. 1948 पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात मोडत असे. त्या काळी कोकणातले लग्न मुलीच्या दारात होई. मांडवाचे वासे शेजाऱ्यांकडचे, पाने-फुले वाडीतली, पातेली गावकीची आणि वाढपी घरचेच. आज मुंबई-पुण्याची बिऱ्हाडे लग्न लावण्यासाठी सहकुटुंब या किनाऱ्यावर उतरतात. दोन-तीन दिवसांचा मुक्काम, मेंदी, हळद, गाण्याची रात्र, सूर्यास्ताच्या मुहूर्तावर छायाचित्रे. यात वाईट काही नाही. समुद्राच्या साक्षीने लग्न लागावे असे कोणास वाटणार नाही? परंतु येथे प्रत्येक गोष्टीचे पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि भरलेला पैसा माणसाच्या जिभेवर बसतो.

आमच्या स्नेहातील पुण्याच्या एका एकत्र कुटुंबात घडलेली हकीकत त्या घरच्या अनुज्ञेने सांगतो. लग्न काशीदला ठरले होते. खोल्या घेतल्या, पत्रिका गेल्या, आचारी ठरला. मुलाची निवड मुलीनेच केली होती. लग्नास तीन आठवडे असता एका रात्री ती काकूजवळ हळूच म्हणाली, "काकू, मला काही सुचत नाहीसे झाले आहे. आता थांबता येईल का गं?" काकूंनी ते जावेच्या कानावर घातले आणि घरात कुजबूज सुरू झाली. एक म्हणाले, एवढे पैसे भरले त्यांचे काय? दुसरे म्हणाले, व्याह्यांना तोंड कसे दाखवायचे? तिसऱ्याने तर, लग्नाआधी सर्वच मुलींना असे होते, असा निर्वाळाही देऊन टाकला. मुलीला काय झाले आहे, हे मात्र कोणीच विचारीना. तेव्हा ऐंशी उलटलेले आजोबा पानावरून उठता उठता म्हणाले, "पैसे भरले ते खोल्यांचे. मुलीचे नव्हे." आणि नातीला जवळ बसवून त्यांनी सांगितले, "बाळ, तू थांब म्हणालीस तर उद्या सकाळी मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन येईन. तुला एक अक्षरही बोलावे लागणार नाही."

मुलीने दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत तिने भावी नवऱ्याला भेटून, नोकरी, बिऱ्हाड आणि आपल्या आईवडिलांची जबाबदारी यांविषयी आजवर संकोचाने न विचारलेले प्रश्न विचारले. तिसऱ्या दिवशी तिने होकार दिला, आणि लग्न ठरल्याप्रमाणे काशीदलाच पार पडले. यावर कोणी म्हणेल, मग एवढे घडले तरी काय? आमचे म्हणणे असे की, सर्व काही घडले. आधीचा होकार पत्रिकांनी आणि खोल्यांनी बांधलेला होता, नंतरचा होकार तिचा स्वतःचा होता. फाटक उघडे आहे म्हणून प्रत्येक मुलगी पळत सुटत नाही. पण ते उघडे असताना जी आत राहते, तिच्या राहण्याला अर्थ असतो.

येथे चित्रपटांचा एक दोषही सांगितला पाहिजे. नाकारलेला नवरदेव हा त्यात नेहमी मूर्ख, लोभी वा गर्विष्ठ दाखवितात, म्हणजे प्रेक्षकास त्याची कीव करावी लागत नाही. वेस्टलीच्या हाती लाख डॉलर ठेवले की झाले! जीवनात तसे नसते. नाकारला जाणारा मुलगा बहुधा भला असतो, त्याच्या आईने साड्या घेतलेल्या असतात, त्याच्याही घरी पाहुणे उतरलेले असतात. म्हणूनच नकार शेवटच्या घटकेस येऊ नये, ही जबाबदारी घराची आहे. आणि मनाविरुद्ध लागलेल्या लग्नाने त्या भल्या मुलाचेही काही कल्याण होत नाही, हेही विसरता कामा नये.

तेव्हा आमची आपल्या वाचककुटुंबांस एवढीच सूचना आहे. साखरपुडा झाल्यावर आणि पत्रिका छापण्यापूर्वी, घरातील ज्या वडील माणसाचा शब्द चालतो त्याने मुलीला, आणि त्याचप्रमाणे मुलालाही, एकांतात एकदा विचारावे. हे काम आई-वडिलांपेक्षा आजोबा, आत्या किंवा काकू यांना अधिक साधते, कारण त्यांच्यापुढे हिशेबाची वही उघडी नसते. विचारताना समजूत घालू नये, उत्तर सुचवू नये. नकार आला तर तो समोरच्या घरी पोचविण्याचे अवघड काम आपण करू, एवढे वचन द्यावे. आणि हा प्रश्न पैसे भरल्यावर विचारावा लागला, तर भरलेल्या पैशाचा उच्चार त्या खोलीत करू नये. एकत्र कुटुंबाचे तोटे आपण पुष्कळ ऐकतो. घरात असे विचारणारे एक माणूस असणे, हा त्याचा मोठा लाभ आहे.

भटजी मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' म्हणतीलच, तो त्यांचा विधी आहे. परंतु तो शब्द त्याआधी, वेळ असताना, हळू आवाजात, घरातल्या कोणी तरी उच्चारावयास हवा.